पट्टी, लय आणि भाव



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, जालन्यात बसून पियानोवर बोलणार? पियानो आणणार कुठून?" आम्ही म्हटलं, बाबा रे, पियानो नसला तरी पेटी आहे. तीच पांढरी-काळी पट्ट्यांची रांग, तेच बारा सूर. आणि ज्या प्रश्नावर आम्हाला बोलायचं आहे, त्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस याच मातीत जन्माला आला होता. त्याचं नाव शेवटाकडे येईलच. जाणकारांनी ओळखलंही असेल.

प्रश्न साधा आहे. एखादी छोटीशी सुरावट ऐकून मन उदास होतं. ती उदासी नेमकी कशात असते? पट्टीत, लयीत, की आणखी कशात? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा प्रश्न वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. आज तो इतिहासात ठेवून पाहू.

सुरुवात युरोपातून करू. फ्रेडरिक शोपँ हा पोलिश संगीतकार. १८३८-३९ च्या हिवाळ्यात तो भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर, वालदेमोसाच्या रिकाम्या पडलेल्या मठात राहिला होता. प्रकृती ढासळलेली. तिथं त्यानं आपल्या चोवीस प्रेल्यूडचा संच पुरा केला. तो १८३९ मध्ये छापला गेला. बारा सूर, प्रत्येकावर एक मेजर आणि एक मायनर, असा चोवीस पट्ट्यांचा हिशेब. त्यातला चौथा प्रेल्यूड ई मायनरमधला आहे. लांबी फक्त पंचवीस मापांची. कोणी पावणेदोन मिनिटांत संपवतो, कोणी अडीच मिनिटं घेतो. १८४९ मध्ये शोपँ गेला, तेव्हा पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला ऑर्गनवर जे वाजवलं गेलं, त्यात हाही होता.

या पानावर तीन गोष्टी कळतात. लय 'लार्गो', म्हणजे अतिशय संथ. पट्टी ई मायनर. आणि भाव? भावाचं नाव लिहिलेलं नाही. मनापासून वाजवा, एवढीच सूचना. पुढं हान्स फॉन ब्यूलो या पियानोवादकानं या प्रेल्यूडला 'घुसमट' असं नाव दिलं, पण ते त्याचं. शोपँनं फक्त सूर लिहिले.

आता हे आपल्या भाषेत आणू. ई म्हणजे आपली पांढरी तीन. पांढरी तीनला सा धरला, तर उजव्या हाताचं गाणं सुरुवातीला कशावर आहे? पंचम आणि कोमल धैवत. प, कोमल ध, प, कोमल ध, प. बराच वेळ एवढंच. मग ते हळूहळू मध्यमाकडं उतरतं. चाल म्हणून पाहिलं तर काहीच नाही. एखादं शाळकरी पोरही पाच मिनिटांत बसवील.

आज मंचावर पेटीची साथ आहे, तर ऐकूनच घेऊ.

(पेटीवर पांढरी तीनचा सा आणि पंचम धरून प, कोमल ध, प वाजवून दाखवलं जातं.)

ऐकलंत? आपल्या कानाला यात लगेच ओळखीचं काही लागतं. कोणाला भैरव जवळ वाटेल, कोणाला आसावरी. गंभीर आहे, पण घुसमट नाही. आता हेच दोन सूर वर तसेच राहू देत, आणि खालचे धरलेले सूर एकेक करून अर्ध्या अर्ध्या पायरीनं खाली सरकवत जा.

(तेच सूर पुन्हा. या वेळी डाव्या हाताचे सूर क्रमानं उतरत जातात.)

आता फरक पडला. वरचा माणूस जागचा हलला नाही, पण त्याच्या पायाखालची जमीन खचत चालली. शोपँचं सारं गुपित या डाव्या हातात आहे. शेवटाकडे एकदाच आवाज चढतो, लय जरा घाई करते, जणू सुटायची धडपड. मग पुन्हा शांत. एक थांबा, आणि अगदी हळू तीन कॉर्ड. संपलं.

म्हणजे काय झालं बघा. प आणि कोमल धैवत दोन्ही वेळा तेच. पट्टी तीच, लयही तीच. भाव मात्र बदलला. तो बदलला एका नात्यामुळं, स्थिर काय आणि चल काय, या नात्यामुळं. आपल्याकडं तंबोऱ्याचा सा हलत नाही, गाणं हलतं. शोपँकडं गाणं थांबलं आणि आधार हलला. हा मुद्दा मनात ठेवा, आपण त्याच्याकडं परत येणार आहोत.

आता या गोष्टीचा इतिहास. माणसाला भावाचा पत्ता एकेका सुरावर, एकेका पट्टीवर लिहून ठेवायची फार हौस. दोन उदाहरणं देतो.

पहिलं आपल्या शेजारचं. इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर देवगिरी. तेराव्या शतकात तिथं यादवराजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे गृहस्थ होते. घराणं मूळचं काश्मीरचं. हुद्दा श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचे मोठे अधिकारी. त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा ज्याला आपला आधार मानतात असा हा ग्रंथ आपल्या मराठवाड्यात लिहिला गेला, हे आपण जरा जास्तच विसरतो. त्यात भरताच्या परंपरेनं सुरांना रस वाटून दिले आहेत. षड्ज-ऋषभ वीर, अद्भुत, रौद्राला. धैवत बीभत्स आणि भयानकाला. गांधार-निषाद करुणाला. मध्यम-पंचम हास्य आणि शृंगाराला. हिशेबनीसाला शोभेल असं चोख खातं.

दुसरं उदाहरण जर्मनीतलं. ख्रिस्तियान शुबार्ट हा कवी आणि संगीतकार. तिथल्या राजानं त्याला दहा वर्षं किल्ल्यात कैदेत टाकलं होतं. त्या कैदेत, १७८४-८५ च्या सुमारास, त्यानं संगीताच्या सौंदर्यावरचं पुस्तक सांगून लिहवून घेतलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १८०६ मध्ये छापलं गेलं. त्यात प्रत्येक पट्टीचा भाव दिला आहे. ई मायनरबद्दल त्याचं म्हणणं साधारण असं की, ही निरागस प्रेमाची पट्टी, यात दुःख आहे पण कुरकुर नाही.

एक हिशेबनीस, एक कैदी. मध्ये साडेपाचशे वर्षं. पण दोघांत एक मोठा फरक आहे. शार्ङ्गदेवांचा पंचम कोणत्याही सापासून मोजता येतो. गाणारा जिथं सा लावील, तिथून पंचम. शुबार्टची पट्टी मात्र वाद्यावर ठरलेली जागा आहे. शुबार्टच्या काळी याला थोडा आधारही होता. तेव्हाची वाद्यं अशी जुळवत की प्रत्येक पट्टीतली अंतरं थोडी थोडी वेगळी पडत. सप्तकाचे अगदी समान बारा तुकडे करायची पद्धत पुढं सगळीकडं रुळली आणि तो फरक गेला. आज पांढरी तीनवरची चाल पांढरी चारवर नेली, तर आतली अंतरं जशीच्या तशी राहतात.

आणि पांढरी तीन म्हणजे तरी काय? सूर किती उंच जुळवायचा, हे शोपँच्या काळात गावोगाव वेगळं होतं. फ्रान्सनं १८५९ मध्ये कायदा करून पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधला. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत तो ४४० ठरला. म्हणजे भाव जर त्या नेमक्या उंचीत असता, तर शोपँची उदासी सरकारी ठरावांबरोबर वरखाली झाली असती. तसं काही झालेलं नाही.

मग पट्टीला काहीच अर्थ नाही का? आहे. पण तो मनाचा असण्याआधी शरीराचा आहे. शोपँ शिष्यांना पहिली सरगम कोणती देई? सोपी मानली जाणारी, सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची नव्हे. तो बी मेजरपासून, म्हणजे पांढरी सातपासून सुरू करी. कारण लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपोआप पडतात, हात मोकळा राहतो. आपल्याकडं हातांऐवजी गळा. पुरुष गायकाची पट्टी पांढरी एक-काळी एकच्या आसपास, बाईची काळी चार-काळी पाचच्या आसपास. कोणी चढ्या पट्टीत गातो तेव्हा आपल्याला जो ताण ऐकू येतो, तो सुराचा नसतो, गळ्याचा असतो. "आज आवाज बसलाय, अर्धी पट्टी उतरवू" असं गायक सहज म्हणतो. आज राग थोडा कमी उदास करू, असं त्याच्या मनात नसतं.

आता लय. शास्त्रानं लयीलाही रस वाटून दिले: करुणाला विलंबित, वीर-रौद्राला द्रुत. ढोबळ मानानं हे खरं आहे. पण लेहऱ्याचा विचार करा. कथक चालू आहे, किंवा तबल्याचं एकलवादन आहे. पेटीवाला एक छोटी सुरावट धरतो, एका आवर्तनाची. सोळा मात्रा, की पुन्हा पहिल्यापासून. पाऊण तास तेच. आमच्या मते शोपँच्या प्रेल्यूडला आपल्याकडचा जवळचा भाऊ हाच. दोन्ही आखूड, दोन्ही पट्ट्यांच्या वाद्यावरचे, दोन्हीकडं वरची चाल अगदी साधी. चंद्रकंसातला लेहरा विलंबितात ऐकला तर विचारात पडल्यासारखा वाटतो. तोच द्रुतात गेला की अंगावर काटा येतो. सूर तेच, पट्टी तीच. म्हणजे लय पट्टीपेक्षा भावाच्या जवळची आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण लय एकटी भाव ठरवत नाही. केरव्यात भजनही होतं आणि लावणीही होते, आणि दोन्ही ठिकाणी तबलजी ठेका जवळजवळ त्याच गतीनं धरू शकतो.

आता पेटीकडं येऊ, कारण या प्रश्नावर आपल्या देशात जे भांडण झालं ते पेटीवरूनच. हार्मोनियमचं पेटंट अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसला घेतलं. मिशनरी आणि साहेबांबरोबर ती इकडं आली. पुढं कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडीवर-जमिनीवर बसून हातानं भाता मारत वाजवता येईल असं रूप दिलं. महाराष्ट्रात तिला संगीत नाटकानं डोक्यावर घेतलं. १९११ मध्ये 'मानापमान' रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि टेंबे म्हणजे त्या काळातले नामांकित पेटीवादक.

पण विद्वानांना पेटी खुपत होती. कारण खरंच होतं. आपला कोमल धैवत एका ठिकाणी बसलेला नसतो. दरबारीत तो झुलतो, उतरतो. पेटीची पट्टी दाबली की एकच सूर, न वाकणारा. शिवाय तो समान तुकड्यांतला. मग सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास मांडला. देवलांचं पुस्तक १९१० चं, क्लेमंट्सचं १९१३ चं. दोघांनी श्रुतींची हार्मोनियमही पुढं आणली. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथं तिच्यावर खल झाला. भातखंडे आणि त्यांच्या बाजूच्या जाणकारांना ती पटली नाही. आम्हाला यातली गंमत अशी दिसते: बारा खुंटे कमी पडतात म्हणून बावीस ठोकले, तरी ते खुंटेच. झुलणारा धैवत ही जागा नाही, ती वाट आहे.

तरी मोठा घाव पुढंच होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं आपल्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी केली. बंदीच्या बाजूनं वातावरण तयार करणाऱ्यांत जॉन फाउल्ड्स हा इंग्रज संगीतकारही होता, जो रेडिओवर पाश्चात्त्य संगीत सांभाळत असे. रवींद्रनाथांनाही पेटी नको होती. साहेबाच्या देशातून आलेलं वाद्य, आणि ते तुमच्या संगीताला मारक आहे हे सांगणाराही साहेब. बंदी १९७१ पर्यंत टिकली. तेव्हाही सवलत मिळाली ती साथीपुरती. एकलवादनाचं दार बंदच राहिलं.

एकतीस वर्षं. हे नुसते आकडे राहू नयेत म्हणून आता त्या माणसाचं नाव घेतो. सखाराम प्रभाकर जळगावकर, म्हणजे आपले अप्पा जळगावकर. जन्म ४ एप्रिल १९२२, आपल्या जालन्याकडचा. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात. आधी त्यांनी गाण्याची तालीम घेतली, धृपद-धमाराची. पेटी बरीचशी स्वतःच कमावली. बंदी आली तेव्हा अप्पा अठरा वर्षांचे होत होते. ती सैल झाली तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. माणसाचे कर्तेपणाचे सगळे दिवस घ्या, त्या सगळ्या दिवसांत देशाच्या रेडिओचं म्हणणं होतं की या वाद्यातून आपल्या संगीताचा भाव निघूच शकत नाही.

आणि याच काळात अप्पा काय करत होते? मैफिलींत साथ करत होते. पुढं भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, जसराज अशा गायकांच्या शेजारी ते बसले. नर्तकांना, तबलावादकांना लेहरा धरला. २००० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १६ सप्टेंबर २००९ रोजी पुण्यात गेले.

साथीदाराचं काम जरा डोळ्यांपुढं आणा. आज गायकाची पट्टी काळी एक, उद्या गायिकेची काळी चार. राग दोन्हीकडं मारवा. पेटीवर बोटांचा सगळा नकाशा बदलतो. काल जो धैवत काळीवर होता, तो आज पांढरीवर येतो. तरी संध्याकाळची ती हुरहुर दोन्ही मैफिलींत तीच उभी राहते. शुबार्टच्या कोष्टकाला याहून सरळ उत्तर कोणतं? ते पुस्तकातून आलं नाही, आठवड्यातून चारदा पट्टी बदलणाऱ्या बोटांतून आलं.

आणि न वाकणाऱ्या सुराचं काय केलं? चांगला पेटीवाला झुलणाऱ्या धैवतावर ठाण मांडत नाही. तो शेजारच्या सुराचा कण लावून त्याला निसटता स्पर्श करतो. भात्यावरचा हात हलका करतो. आणि जिथं गायकाचा सूर पट्ट्यांच्या मधून जातो, तिथं तो पंचमावर किंवा षड्जावर थांबतो, आधार देतो, आणि वाट गायकाला मोकळी करून देतो. अप्पांची भीमसेनजींबरोबरची ध्वनिमुद्रणं शांतपणे ऐका. गाण्याइतकंच पेटी कुठं थांबते तेही ऐका. श्रोत्याला तो धैवत पुरा ऐकू येतो, पण तो एकट्या पेटीत नसतो. तो गळा, तंबोरा आणि पेटी यांच्या मध्ये असतो.

इथं आपण त्या पहिल्या मुद्द्याकडं परत आलो. स्थिर काय, चल काय. शोपँच्या डाव्या हाताखाली जमीन खचते, म्हणून न हलणारा पंचम रडवेला होतो. आपल्याकडं षड्ज आणि पंचम ठाम राहतात, म्हणून धैवत झुलू शकतो. दोन्हीकडं भाव एका सुरात नाही, एका पट्टीत नाही. तो सुरांच्या नात्यात आहे. रेडिओच्या जाणकारांनी पेटीचा एकेक सूर वेगळा काढून तपासला, आणि तपासणी बरोबरच होती. पेटीचा सूर वाकत नाही, हे आजही खरं आहे. चूक निष्कर्षात होती. सुटा सूर भाव दाखवू शकत नाही, हे पेटीचंच काय, पियानोचंही खरं आहे.

आता एक कबुली. आम्ही स्वतः वर्गात अनेक वर्षं हेच सांगितलं की पेटी हे मूळचंच बेसूर वाद्य. मुलं लिहून घेत. एकदा एका मुलानं विचारलं होतं, "सर, मग पेटी ऐकून डोळ्यांत पाणी का येतं?" आम्ही त्याला 'सवय' असं उत्तर दिलं आणि पुढं गेलो. ते उत्तर नव्हतं, सुटका होती. आपल्या सिद्धान्तात जे बसत नाही ते ऐकायचं, का कानांना गप्प करायचं, हा त्या मुलाचा प्रश्न होता. तो संगीतापुरता नाही. एखाद्याच्या हातातलं काम आपल्या व्याख्येत बसत नाही म्हणून त्याला दाराबाहेर ठेवायचं, हे आपण इतरत्रही करतो, आणि एकतीस वर्षं सहज निघून जातात.

शेवटी एक काम सांगतो, परीक्षा नाही. घरी गेल्यावर शोपँचा तो चौथा प्रेल्यूड ऐका, दोनच मिनिटांचा आहे. वरच्या सुराकडं लक्ष देऊ नका, खालचा आधार कसा उतरतो ते ऐका. मग अप्पांची पेटी ऐका, आणि या वेळी आधार कसा राहतो ते ऐका. दोन्ही ऐकून झाल्यावर भाव कुठं होता हे तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या उत्तराशी जुळलं नाही तर पुढच्या व्याख्यानाला येऊन भांडा, आम्ही इथंच आहोत.